मूत्रवाहिनीतला अडथळा आणि फुगलेली किडनी: रिपोर्ट हातात आल्यापासून पुढे काय करायचं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’ एवढी एकच ओळ असते आणि घरात दोन तट पडतात. एकाच्या मते किडनी गेली, दुसऱ्याच्या मते माइल्डच तर आहे, पाणी जास्त पी. दोघांचीही घाईच होते. त्या ओळीतून इतकंच कळतं, की लघवी बाहेर पडायच्या वाटेवर साचली आहे आणि किडनीच्या आतली पोकळी त्यामुळे फुगली आहे. अडथळा कशाचा, वाट पूर्ण बंद आहे की अर्धवट, साचलेल्या लघवीत जंतू आहेत का, आणि हे किती दिवसांपासून चाललंय, या चार प्रश्नांची उत्तरं अजून मिळायची असतात. ती मिळेपर्यंत ‘माइल्ड’ वाचून निर्धास्त होऊ नये आणि ‘सिव्हिअर’ वाचून हातपायही गाळू नयेत.

आत काय घडतं

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण दीड लिटर लघवी तयार करतात. किडनीच्या मध्यभागी नरसाळ्याच्या आकाराची पोकळी असते. तिच्या टोकापासून मूत्रवाहिनी निघते, ती २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते. लघवी या नळीतून नुसती खाली घरंगळत नाही. नळीच्या भिंतीतले स्नायू ठरावीक अंतराने आकुंचन पावतात आणि तिला पुढे ढकलतात, म्हणूनच आडवं झोपल्यावरही ती मूत्राशयात पोचते. नळी तीन जागी मुळातच अरुंद असते: किडनीतून निघते तिथे, ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तिथे. खडा अडकतो तो बहुधा या तिन्हींपैकी एका ठिकाणी.

वाट बंद झाली तरी किडनी लगेच काम थांबवत नाही. लघवी तयार होत राहते, आतला दाब वाढतो, पोकळी ताणली जाते. काही तासांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होऊ लागतो आणि गाळण्याचं काम मंदावतं. काही दिवसांत वाट मोकळी झाली तर बहुतेक किडन्या सावरतात. पूर्ण अडथळा आठवडेच्या आठवडे राहिला, तर मात्र गाळणारा थर पातळ होत जातो, त्यात व्रणाचे तंतू भरतात आणि गेलेली ताकद पुरती परत येत नाही. अर्धवट अडथळ्यात हेच सगळं महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, सावकाश चालतं.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पोटात उठणारी कळ ही पोकळी अचानक ताणली गेल्याची असते. किडनीने लघवी कमी तयार करायला सुरुवात केली की दाब उतरतो आणि कळही ओसरते, खडा जागच्या जागी असला तरी. अडथळा हळूहळू वाढला असेल तर कळ कधी उठतच नाही. त्यामुळे ‘आता दुखत नाही, म्हणजे खडा पडला असेल’ हा अंदाज माझ्या मते या आजारातला सगळ्यात महाग पडणारा अंदाज आहे. दुखणं थांबलं तरी फेरतपासणी चुकवायची नाही.

आणखी एक. बोलताना आपण याला किडनीची सूज म्हणतो, आणि मग सूज उतरवायची गोळी मागितली जाते. हा फुगवटा साचलेल्या लघवीच्या दाबाचा आहे. वेदनाशामक गोळीने दुखणं कमी होईल, पण वाट मोकळी झाल्याशिवाय फुगवटा जाणार नाही.

पायरी पहिली: आजच रुग्णालय गाठायचं का, हे ठरवा

पुढचा सगळा लेख बाजूला ठेवून आधी एवढं तपासा. यातलं एकही लक्षण असेल तर उद्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका:

- कुशीतल्या किंवा पाठीतल्या दुखण्याबरोबर ताप, थंडी वाजणं किंवा अंग थरथर कापणं
- लघवी जवळजवळ बंद होणं
- एकच किडनी असणं, प्रत्यारोपण केलेली किडनी असणं किंवा दोन्ही बाजूंना अडथळा असणं
- औषध घेऊनही न थांबणारी कळ, किंवा पाणीही पोटात ठरत नाही इतक्या उलट्या
- गरोदरपणात अशी कळ उठणं
- रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की वाढणारा टाकाऊ पदार्थ) किंवा पोटॅशियम वाढल्याचा रिपोर्ट
- गुंगी, बरळणं, खूप धाप लागणं, रक्तदाब उतरणं

पहिलं लक्षण सगळ्यात घातक. कोंडलेल्या लघवीत जंतू वाढले की दाबामुळे ते रक्तात शिरतात आणि काही तासांत रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. तुंबलेली किडनी नीट गाळत नसल्यामुळे शिरेतून दिलेलं प्रतिजैविकही साचलेल्या लघवीत पुरेसं उतरत नाही. अशा वेळी औषध लागतंच, पण जीव वाचवतो तो निचरा. मधुमेही आणि वयस्क माणसांत ताप नसतानाही ही अवस्था येऊ शकते. आजोबा नुसतेच गळून गेलेत, विसंगत बोलतायत आणि कुशीत दुखतंय म्हणतात, एवढंही निघायला पुरेसं आहे.

निघताना जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि ज्यांची अ‍ॅलर्जी आहे त्या औषधांची नावं बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते विचारायच्या आधी सांगा, कारण निचऱ्याची पद्धत त्यावरून बदलू शकते. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून वाटेत काही खाऊ नका.

जाता जाता: साठीच्या पुढच्या माणसाला, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याला, आयुष्यात पहिल्यांदाच कुशीत तीव्र कळ आली, तर तो मुतखडाच असेल असं धरून घरी थांबू नये. पोटातली मोठी रोहिणी फुगून फाटू लागली की दुखणं अगदी असंच असू शकतं.

पायरी दुसरी: रिपोर्टमध्ये या गोष्टी शोधा

‘माइल्ड’, ‘मॉडरेट’, ‘सिव्हिअर’ हे फुगवट्याचं माप आहे, धोक्याचं नाही. काल अडकलेला ७ मिलिमीटरचा खडा माइल्ड फुगवटा दाखवेल आणि लघवीची वाट मात्र पूर्ण बंद झालेली असेल. याउलट लहानपणापासून ऐसपैस असलेली पोकळी रिपोर्टात मोठी दिसेल आणि लघवी मात्र विनासायास वाहत असेल. शरीरात पाणी फार कमी असेल, किंवा मूत्रवाहिनीला बाहेरून तंतूंनी घट्ट आवळलेलं असेल, तर खरा अडथळा असूनही फुगवटा जवळपास दिसत नाही.

म्हणून पुढचे तपशील बघा. किडनीचा बाहेरचा गाळणारा थर किती जाड आहे, ते आधी. तो पातळ झाला असेल तर दुखणं जुनं आहे. मग मूत्रवाहिनी कुठपर्यंत फुगली आहे, ते. फुगवटा जिथे संपतो, अडथळा सहसा तिथेच असतो. फक्त पोकळी फुगलेली आणि नळी बारीक असेल तर संशय किडनी आणि मूत्रवाहिनीच्या सांध्यावर जातो. दोन्ही बाजूंच्या नळ्या खालपर्यंत फुगल्या असतील तर मूत्राशयाकडे किंवा त्याखाली बघावं लागतं.

लघवी करून आल्यावर पुन्हा पाहिलं होतं का, हेही विचारा. सोनोग्राफीसाठी तासभर पाणी पिऊन मूत्राशय तट्ट भरलेलं असतं, आणि तेवढ्यानेही निरोगी किडनी थोडी फुगलेली दिसू शकते. लघवी केल्यावर फुगवटा गेला तर बरीचशी चिंता मिटते. लघवी केल्यानंतरही मूत्राशयात बरंच उरत असेल तर अडचण मूत्राशयाच्या तोंडाशी किंवा प्रोस्टेटमध्ये (पुरुषांत मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीत) असू शकते.

क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून विषय संपवू नका. एक किडनी पूर्ण तुंबली तरी दुसरी निरोगी असली की ती काम सांभाळून घेते आणि रक्तातला आकडा फारसा हलत नाही. एका बाजूच्या अडथळ्यात क्रिएटिनिन वाढलंच, तर दुसरी किडनीही आधीपासून अधू आहे का, ते बघायला हवं.

पायरी तिसरी: अडथळा कशाचा असू शकतो

प्रौढांत पहिला संशय मुतखड्यावर, आणि तो बऱ्याचदा खरा ठरतो. कळ कुशीतून सुरू होऊन जांघेकडे उतरते, माणूस एका जागी बसू शकत नाही, मळमळतं, लघवीत रक्ताचा अंश सापडतो.

तरुण माणसाला भरपूर पाणी किंवा पेय प्यायल्यावर त्याच बाजूला दुखत असेल आणि तासा-दोन तासांनी आपोआप थांबत असेल, तर किडनी आणि मूत्रवाहिनीच्या सांध्यातला जन्मजात अरुंदपणा शोधावा. काही वेळा तिथून आडवी जाणारी रक्तवाहिनी नळीला दाबते. कळ नसताना केलेली सोनोग्राफी यात जवळपास नॉर्मल येऊ शकते, म्हणून दुखत असतानाच ती करून घेणं फायद्याचं.

गर्भाशयाच्या किंवा आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत वा आठवड्यांत कुशीत दुखू लागलं, ताप आला किंवा योनीमार्गातून सतत पाण्यासारखं गळू लागलं, तर मूत्रवाहिनीला इजा झाली आहे का, हा प्रश्न थेट विचारा. गर्भाशयाची रक्तवाहिनी आणि मूत्रवाहिनी एकमेकींना अगदी खेटून जातात. त्यामुळे ही ज्ञात गुंतागुंत आहे आणि लवकर कळली तर दुरुस्तही होते.

लघवीत पू पेशी भरपूर आणि नेहमीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) जंतू नाहीत, असं वारंवार आलं तर क्षयरोगाची तपासणी करावी लागते. क्षयरोग मूत्रवाहिनीत ठिकठिकाणी आकसलेले पट्टे तयार करतो. उपचार चालू असतानाही, व्रण भरून येता येता ते आकसत जातात, म्हणून औषधं सुरू झाल्यावरही सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करावी लागते.

दुखणं नाही पण लघवीतून लाल रक्त गेलं, तर ते आपोआप थांबलं तरी सोडून द्यायचं नाही. मूत्राशयाचा किंवा मूत्रवाहिनीचा कर्करोग अशीच चाहूल देतो आणि तंबाखू ओढणाऱ्यांत तो अधिक आढळतो. गर्भाशयमुख, मोठं आतडं आणि प्रोस्टेट यांच्या गाठीही मूत्रवाहिनीला बाहेरून दाबतात. याशिवाय वाढलेलं प्रोस्टेट, मज्जातंतूंच्या आजाराने निकामी झालेलं मूत्राशय, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढण्याचा आजार), रक्ताची गुठळी आणि मधुमेहात किडनीच्या आतून सुटून पडलेला पेशींचा तुकडा ही कारणंही डॉक्टरांच्या यादीत असतात.

पायरी चौथी: तपासण्या, आणि त्या कोणत्या क्रमाने

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर आधी. कल्चरचा नमुना शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्यापूर्वी द्या, नाहीतर जंतू सापडत नाहीत. ताप असेल तर मात्र नमुन्यासाठी औषध अडवून धरू नये. रक्तात पेशींची मोजणी, क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम.

खड्याचा संशय असेल तर डाय (चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) न देता केलेला साधा सीटी स्कॅन सगळ्यात भरवशाचा. खड्याचं माप, जागा आणि घट्टपणा त्यातून कळतो, आणि साध्या एक्सरेत न दिसणारा युरिक अ‍ॅसिडचा खडाही दिसतो. तरुणांना आणि ज्यांना वारंवार खडे होतात त्यांना कमी किरणांचा सीटी करता येईल का, हे जरूर विचारा. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना सोनोग्राफीच आधी.

खडा सापडला नाही, तर डाय देऊन सीटी किंवा एमआरआय केला जातो. डायपूर्वी क्रिएटिनिन बघितलेलं असलं पाहिजे. किडनी कमजोर असेल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते काही काळ थांबवायचं का, हे डॉक्टर ठरवतात.

इथपर्यंत आपल्याला कळतं ते दिसणं. किडनी किती काम करतेय आणि लघवी खरंच अडते का, हे कळायला रेनोग्राम लागतो. या तपासणीबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण शस्त्रक्रिया करायची की नाही हे बऱ्याचदा तिच्यावर ठरतं आणि रुग्णांना तिच्याबद्दल सगळ्यात कमी सांगितलं जातं. शिरेतून किरणोत्सारी द्रव्याचा छोटा डोस देतात, कॅमेऱ्याने ते किडनीत येताना आणि बाहेर जाताना बघतात, आणि लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड देऊन निचऱ्याची परीक्षा घेतात. रिपोर्टात दोन आकडे महत्त्वाचे. पहिला कामाची वाटणी, म्हणजे एकूण कामापैकी कोणती किडनी किती टक्के करते. ४५ ते ५५ च्या आसपासची वाटणी समसमान धरतात आणि ४० च्या खालचा आकडा काळजीचा. दुसरा आकडा अर्धं द्रव्य बाहेर पडायला लागलेल्या वेळेचा. १० मिनिटांच्या आत असेल तर निचरा चांगला, २० मिनिटांच्या पुढे गेला तर अडथळ्याचा संशय पक्का होतो, आणि मधला पट्टा संदिग्ध. पोकळी फारच मोठी असेल, किडनी फार कमजोर असेल, पुरेसं पाणी प्यायलेलं नसेल किंवा मूत्राशय भरलेलं असेल तर हा आकडा फसवतो. म्हणून तपासणीपूर्वी सांगितलेलं पाणी प्या, लघवी करून मगच टेबलावर जा, आणि दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर शक्यतो त्याच केंद्रात, त्याच द्रव्याने करा. तुलना तरच होते.

पायरी पाचवी: आधी निचरा, मग कारणाचा उपचार

संसर्ग असेल, क्रिएटिनिन वाढत असेल किंवा कळ थांबत नसेल तर कारण काढायच्या आधी साचलेल्या लघवीला वाट करून देतात. अडचण प्रोस्टेटची असेल तर मूत्राशयात कॅथेटर (लघवी काढणारी नळी) घालूनच बऱ्याचदा दोन्ही किडन्या सुटतात. अडथळा त्याहून वर असेल तर दोन मार्ग.

डीजे स्टेंट ही दोन्ही टोकांना वळलेली बारीक मऊ नळी. दुर्बिणीने लघवीच्या मार्गातून आत सरकवतात. एक वेटोळं किडनीत, दुसरं मूत्राशयात, बाहेर काहीच दिसत नाही. दुसरा मार्ग नेफ्रोस्टॉमीचा. पाठीवरची जागा बधिर करून सोनोग्राफीच्या मदतीने नळी थेट किडनीत घालतात आणि लघवी बाहेरच्या पिशवीत जमा होते. संसर्गात दोन्ही मार्ग कामाचे आहेत. रुग्णाला भूल झेपणार नसेल, आत घट्ट पू असेल किंवा गाठीने नळी बाहेरून दाबली असेल तर नेफ्रोस्टॉमी सरस ठरते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर स्टेंटकडे कल असतो. पिशवी नको म्हणून नातेवाईक बऱ्याचदा अडून बसतात. ती बहुतेकदा तात्पुरती असते. तापलेल्या रुग्णाच्या बाबतीत कोणता मार्ग यापेक्षा किती लवकर, हा प्रश्न मोठा.

संसर्ग असताना त्याच बैठकीत खडा फोडत नाहीत. तिथे दुर्बिणीतून पाण्याचा दाब दिला तर जंतू रक्तात ढकलले जातात. ‘आत गेलाच होतात तर खडा का नाही काढला?’ या प्रश्नाचं उत्तर ते आहे.

खडा असेल तर

४ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे काही आठवड्यांत आपणहून पडतात. ५ ते १० मिलिमीटरमधले साधारण निम्मे पडतात, आणि १० च्या पुढचे क्वचितच. मूत्राशयाच्या जवळ पोचलेला खडा वरच्यापेक्षा लवकर पडतो. वाट बघायला हरकत नाही, पण ताप नको, कळ गोळ्यांनी आटोक्यात हवी, दोन्ही किडन्या शाबूत हव्यात आणि क्रिएटिनिन ठीक हवं. मुदत चार आठवड्यांची, फार तर सहा.

कळेसाठी डायक्लोफिनॅक गटातली औषधं चांगली चालतात. किडनी कमजोर असेल, पोटात व्रण असेल किंवा गरोदरपण असेल तर ती टाळतात, म्हणून घरातल्या जुन्या पट्टीतली गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. खालच्या भागातल्या ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यासाठी मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करणारं टॅम्सुलोसिन देतात. त्याने उठताना चक्कर येऊ शकते आणि पुरुषांत वीर्यस्खलन कमी झाल्यासारखं वाटतं. औषध थांबवलं की ते पूर्ववत होतं.

पाण्याबद्दलचा सल्ला बहुतेक घरांत उलटा दिला जातो. कळ उठलेली असताना लिटरच्या लिटर पाणी प्यायल्याने खडा धक्क्याने बाहेर पडत नाही. बंद नळीमागे दाब मात्र वाढतो. त्या दिवशी तहानेपुरतं प्या. भरपूर पाण्याचा खरा उपयोग नंतर, नवा खडा होऊ नये म्हणून. त्यासाठी दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी लागतं, मीठ कमी करावं लागतं, आणि दूध वगैरेंतलं कॅल्शियम बंद करायचं नसतं. आहारातलं कॅल्शियम ऑक्झलेटला, म्हणजे अन्नातून येणाऱ्या आणि खड्यात सापडणाऱ्या घटकाला, आतड्यातच धरून ठेवतं.

औषधाने विरघळणारा खडा युरिक अ‍ॅसिडचा. पोटॅशियम सायट्रेट वगैरेंनी लघवीचा पीएच ६.५ ते ७ च्या दरम्यान ठेवला की तो हळूहळू विरघळतो. सर्वाधिक आढळणारा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा कोणत्याही चूर्णाने वा काढ्याने वितळत नाही. लहान खडे आपोआप पडतातच, त्यामुळे त्या काळात जे काही प्यायलं असेल त्याला श्रेय मिळतं. लघवी बारीक गाळणीतून गाळून खडा सापडला तर तपासायला द्या. पुढच्या प्रतिबंधाचा सगळा आधार त्याच्या पृथक्करणावर असतो.

काढावा लागला, तर मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी दुर्बीण आणि लेझर हा आजचा प्रमुख मार्ग. बाहेरून ध्वनिलहरींनी खडा फोडण्याची पद्धत १९८० मध्ये म्युनिकमध्ये सुरू झाली. तिला सहसा भूल लागत नाही, पण तुकडे आपले आपण पडावे लागतात, आणि ती गरोदरपणात वा रक्तस्रावाचा विकार असताना करत नाहीत. किडनीतला २ सेंटिमीटरच्या वरचा खडा सहसा पाठीतून छोट्या छिद्राने काढतात.

इतर कारणांसाठी

किडनी आणि मूत्रवाहिनीचा सांधा अरुंद असेल आणि दुखणं, वारंवार संसर्ग, खडे किंवा घटतं काम यांपैकी काही असेल, तर तो भाग कापून नळी पुन्हा जोडतात. या शस्त्रक्रियेची आजही वापरात असलेली पद्धत अँडरसन आणि हाइन्स या शल्यविशारदांनी १९४९ मध्ये मांडली. आता ती बहुधा दुर्बिणीने किंवा रोबोटच्या मदतीने होते आणि दहातल्या नऊहून अधिक रुग्णांत यशस्वी ठरते. त्रास नसेल आणि काम टिकून असेल तर नुसती देखरेखही चालते.

मूत्रवाहिनी आकसली असेल तर छोटा पट्टा लेझरने कापून किंवा फुग्याने रुंद करून बघतात, पण तो पुन्हा आकसण्याची शक्यता राहते. लांब पट्ट्याला शस्त्रक्रियाच. खालच्या टोकाचा असेल तर नळी मूत्राशयात नव्याने रोवतात, अंतर पडत असेल तर मूत्राशयाच्या भिंतीचीच पट्टी वर वळवून तिची नळी करतात. कर्करोगाने वाट दाबली असेल तर निचरा केल्याने क्रिएटिनिन उतरतं आणि केमोथेरपी देणं शक्य होतं. आजार फार पुढे गेलेला असेल, तर मात्र नळीमुळे किती दिवस मिळतील आणि ते कसे जातील, हे रुग्णाला स्वतःला सांगून त्याचं मत घ्यावं. हा निर्णय त्याच्या पाठीमागे घेण्यासारखा नाही.

स्टेंट घातल्यावर

वारंवार लघवी, जळजळ, लघवी करताना कुशीत वर चढणारी कळ आणि चालण्याफिरण्यानंतर लालसर लघवी हे स्टेंटचे नेहमीचे त्रास. टॅम्सुलोसिन किंवा मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्यांनी फरक पडतो. ताप, रक्ताच्या गुठळ्या किंवा लघवी अडणं यांत मात्र फोन करायचा नाही, थेट जायचं.

कोणता स्टेंट, कोणत्या बाजूला, कधी घातला आणि कधी काढायचा, हे डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्या आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये आठवण लावा. साधा स्टेंट साधारण तीन ते सहा महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. त्रास होत नाही म्हणून विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात, तो आत मोडतो, आणि पाच मिनिटांत निघणाऱ्या नळीसाठी मोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात. दोन्ही बाजूंना स्टेंट असतील तर दोन्ही निघाले का, ते काढल्यानंतरच्या कागदावर बघा.

वाट मोकळी झाल्यानंतरचे दिवस

दोन्ही किडन्या किंवा एकुलती किडनी सुटली की कधी कधी लघवीचा पूर येतो. सलग दोन तास ताशी २०० मिलिलिटरपेक्षा जास्त, किंवा दिवसाला ३ लिटरच्या वर. साचलेलं पाणी आणि क्षार बाहेर टाकणं हे शरीराचं योग्यच काम, पण ते थांबलं नाही तर रक्तदाब आणि सोडियम-पोटॅशियम घसरतात. म्हणून पहिले एक-दोन दिवस लघवी मोजतात आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासतात.

घरी आल्यावर चार ते सहा आठवड्यांनी सोनोग्राफी. थोडा फुगवटा उरलेला असू शकतो. बराच काळ ताणलेली पोकळी सैल राहते, त्याचा अर्थ अडथळा उरला असाच नसतो. शंका राहिली तर रेनोग्राम.

गरोदरपण आणि बाळं

गरोदरपणात हार्मोन्समुळे आणि वाढत्या गर्भाशयामुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, उजवी अधिक. शेवटच्या तिमाहीत बहुतेक स्त्रियांत थोडाफार फुगवटा दिसतो आणि प्रसूतीनंतर तो जातो. दुखत असेल तर दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध कुशीवर झोपून बघा. ताप किंवा न थांबणारी कळ असेल तर मात्र गरोदर नसलेल्या माणसाइतकीच घाई करायची.

पोटातल्या बाळाच्या किडनीत फुगवटा दिसणं हे शंभरातल्या एक ते पाच गरोदरपणांत घडतं, आणि बहुतेक वेळा ते पुढे आपोआप जातं. जन्मानंतरची सोनोग्राफी सहसा ४८ तासांनंतर करतात, कारण पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवी कमी होते आणि फुगवटा खोटा कमी दिसतो. मुलगा असेल, दोन्ही बाजू फुगलेल्या असतील आणि मूत्राशयाची भिंत जाड असेल तर मात्र थांबायचं नाही. मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो आणि त्याला लगेच कॅथेटर लागतो. लहान बाळाला कारण न कळणारा ताप आला तर लघवीची तपासणी मागून घ्या.

किडनी काढावी लागेल का?

बऱ्याच दिवसांच्या अडथळ्यानंतर रेनोग्रामवर १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी काम दिसलं की हा विषय निघतो. त्यातही दुखणं, वारंवार संसर्ग किंवा त्या किडनीमुळे वाढलेला रक्तदाब असेल तरच ती काढण्यात फायदा. काहीच त्रास न देणारी निकामी किडनी तशीच ठेवता येते. आणि तो आकडा वाट बंद असतानाचा असेल, तर तो अंतिम धरू नका. स्टेंट किंवा नेफ्रोस्टॉमी करून चार ते सहा आठवडे द्या आणि रेनोग्राम पुन्हा करून घ्या. दाब उतरल्यावर काही किडन्यांचं काम ठेवण्याइतपत वर येतं, आणि काढायचीच वेळ आली तरी तोवर संसर्ग आटोक्यात आलेला असतो.